नवीन इलेक्ट्रिक गिटार झणझणतेय? फ्रेट बझबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नवीन गिटार, नवीन तारा, आणि तरी तिसऱ्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) झर्रर्र. बहुतेक वेळा हे घरच्या घरी सुटतं, पण त्यासाठी पाना हातात घ्यायच्या आधी बझ नक्की कुठे होतोय ते शोधावं लागतं. तेवढी कळ बरेच जण काढत नाहीत आणि थेट ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली तिचा बाक बदलणारी सळई, पिळायला घेतात.

फ्रेट बझ म्हणजे नक्की काय होतं?

तुम्ही पाचवा फ्रेट दाबून तार छेडली की ती पाचव्या फ्रेटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत (बॉडीवर तार ज्या टेकूवर बसते तिथपर्यंत) हलते, मधोमध सगळ्यात जास्त. हलताना ती पुढच्या एखाद्या फ्रेटला घासली, मग तो सहावा असो, सातवा असो नाहीतर पार चौदावा, की तो धातूचा झर्र आवाज येतो. म्हणजे गुन्हेगार फ्रेट तुम्ही दाबलेला नसतो, त्याच्या पुढे ब्रिजच्या बाजूला कुठेतरी असतो. पाचव्यावर बझ आला म्हणून पाचव्या फ्रेटकडे डोळे फाडून बघत बसणारे खूप असतात, तिथे काही सापडणार नाही.

गिटार तर कोरी आहे, मग बझ कसा काय? पीस खराब आलाय का?

शक्यता कमी आहे. नेक लाकडाची असते आणि लाकूड हवेतला ओलावा घेतं, सोडतं. फॅक्टरीतून निघून, कंटेनरमधून, गोडाऊनमध्ये महिने काढून ती तुमच्याकडे येते, तोपर्यंत सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची वगैरे जुळवणं) करताना होती तशी नेक राहिलेलीच नसते. शिवाय फॅक्टरीतला सेटअप म्हणजे सरासरी हाताला चालेल असा, तुमच्या हाताला नाही. म्हणून आल्या आल्या एक-दोन दिवस गिटार ज्या खोलीत राहणार आहे तिथेच ठेवा, ट्यून करून वाजवा, आणि मग निदानाला बसा.

खरोखर खराब पीस कसा ओळखायचा ते खाली वेगळं लिहिलंय.

अनप्लग्ड वाजवलं की बझ येतो, ॲम्पमध्ये मात्र येत नाही. काळजी करू का?

नका करू. इलेक्ट्रिक गिटारवर ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेट्सपासूनची उंची, कमी ठेवली की जाड तारांवर थोडी खरखर येतेच, आणि भल्याभल्यांच्या गिटारवर ती असते. निकाल ॲम्प देणार. ॲम्प क्लीन ठेवा, गेन खाली, आवाज मध्यम, आणि एकेक नोट वाजवून पूर्ण विरेपर्यंत ऐका. बझ ॲम्पमधून ऐकू येत असेल, किंवा नोट मधेच गळा दाबल्यासारखी मरत असेल, तर काम आहे. हे डिस्टॉर्शन लावून तपासू नका, त्यात सगळंच लपतं.

फ्रेट बझच आहे की दुसरंच काहीतरी वाजतंय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरं तर हाच पहिला विचारायला हवा.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. तार न छेडताही ॲम्पमधून गुंऽऽ असा आवाज सतत येत असेल तर तो फ्रेट बझ नाहीच, तो हम. विजेच्या लाईनचा असतो, ५० किंवा ६० हर्ट्झ, जिथे जशी वीज असेल तसा. तारांना हात लावल्यावर तो कमी होत असेल तर सिंगल कॉइल पिकअप किंवा शील्डिंगचा मामला आहे, आणि हात लावूनही काही फरकच पडत नसेल तर ग्राउंड वायर तपासून घ्या. सेटअप करून यातलं काहीही जाणार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे गिटारवरचा एखादा सुटा भाग वाजणं. याची खूण अशी की तो एका ठराविक सुरालाच वाजतो, तार कुठलीही असो. म्हणजे लो ई तारेवर (सगळ्यात जाड तार) आठव्या फ्रेटला सी वाजवला की झणझण येते, साधारण १३१ हर्ट्झला, आणि तोच सी ए तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजवला तरी तीच झणझण येते. तिथे फ्रेटचा दोष असता तर दुसऱ्या तारेवर, दुसऱ्या जागी तो आला नसता. अशा वेळी दुसऱ्या कुणाला तरी तोच सूर वाजवत राहायला सांगा आणि तुम्ही एकेका भागावर बोट टेकवत जा: ट्युनिंग पेगच्या बुडाशी असलेला षटकोनी नट, ट्रस रॉडचं झाकण, पिकगार्डचे स्क्रू, पिकअपच्या स्प्रिंगा, जॅकचा नट, सॅडलच्या मागे इंटोनेशनच्या (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागावा म्हणून असलेल्या) स्क्रूवर असते ती बारीक स्प्रिंग. ज्याला बोट लागताच आवाज थांबला, तोच. नव्या गिटारवर पेगचे नट सैल निघणं फारच कॉमन आहे, बहुतेक ठिकाणी १० मिलिमीटरचा पाना लागतो, हलक्या हाताने आवळा, काम झालं. सॅडलचे उंचीचे बारीक स्क्रू पण बघा, त्यातला एखादा हवेत लटकत असला की तो स्वतःच किणकिणतो.

बरं, बझ फ्रेटचाच आहे. सुरुवात कुठून करू?

ट्युनिंगपासून. तुम्ही नेहमी जे ट्युनिंग वापरता त्यातच गिटार पूर्ण ट्यून करा, कारण तारांचा ताण बदलला की नेकचा बाक बदलतो आणि मग सगळी मापं खोटी. तारा खूप जुन्या असतील, किंवा दुकानात वर्षभर टांगलेल्या गिटारवरच्याच असतील, तर आधी बदला. पिळा पडलेली किंवा पिचकलेली तार वेडीवाकडी हलते आणि सरळ फ्रेटवरसुद्धा बझ करते.

मग गिटार मांडीवर घेऊन, वाजवायच्या पोझिशनमध्ये, प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकदा वाजवा, मध्यम जोराने. कागदावर सहा ओळी आखा आणि जिथे बझ येईल तिथे फुली मारा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण पाचेक मिनिटांचं काम आहे आणि पुढचा अर्धा दिवस वाचवतं. गिटार टेबलावर आडवी टाकून मापं घेऊ नका, नेकच्या स्वतःच्या वजनानेसुद्धा थोडा फरक पडतो.

फुल्या कुठे पडल्या त्यावरून काय कळतं?

बरंच काही.

फक्त मोकळ्या तारेवर बझ आणि पहिला फ्रेट दाबला की गायब: नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यातून जातात त्या खाचांच्या पट्टीची) खाच खोल आहे.

पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत बऱ्याच तारांवर फुल्या, वर सगळं स्वच्छ: नेक जास्तच सरळ आहे किंवा उलटी वाकली आहे, म्हणजे रिलीफ कमी.

सगळ्या मानेवर सगळीकडे थोडी थोडी खरखर: ॲक्शन कमी.

बाराव्याच्या पुढेच बझ: इथे दोन-तीन कारणं असू शकतात, रिलीफ जास्त असणं, सॅडल खाली असणं, किंवा नेक बॉडीला मिळते तिथे फ्रेटबोर्डला आलेला उंचवटा.

एकाच जागी, एक-दोन फ्रेटवर, आजूबाजूला काही नाही: पुढचा फ्रेट उंच आहे किंवा उखडलाय. इथे ट्रस रॉडला हातसुद्धा लावू नका.

फुल्या दोन-तीन प्रकारच्या एकत्र असतील तर घाबरू नका, फक्त क्रम पाळा. आधी रिलीफ, मग ॲक्शन, मग नट, आणि फ्रेट सगळ्यात शेवटी. रिलीफ बदलला की ॲक्शन आपोआप बदलते, त्यामुळे उलट क्रमाने गेलात तर एकच काम दोनदा कराल.

रिलीफ म्हणजे काय आणि घरी कसा मोजायचा?

नेकला पुढच्या बाजूला दिलेला अगदी बारीकसा बाक म्हणजे रिलीफ. तार मधोमध जास्त हलते म्हणून तिला मधे थोडी जागा द्यायची, एवढंच.

मोजायला कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावा. उजव्या हाताने लो ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता ती तारच तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेचं बूड आणि फ्रेटचा माथा यात फट किती आहे ते बघा. साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर हवी. फीलर गेज असेल तर उत्तम, नसेल तर दहाच्या सेटमधल्या बारीक ई तारेचा कापलेला तुकडा घ्या, त्याची जाडी बरोबर ०.०१० इंच म्हणजे ०.२५ मिलिमीटर असते. तो तुकडा फटीत सरकवायचा. वरची तार न उचलता जेमतेम गेला तर रिलीफ ठीक. जातच नसेल तर कमी आहे. आत गेल्यावर वर-खाली डुगडुगत असेल तर जास्त. आणि तार सातव्या फ्रेटला आधीच टेकलेली असेल, फटच नसेल, तर नेक सपाट आहे किंवा मागे वाकलीये, आणि खालच्या फ्रेट्सवरचा बझ बहुतेक तिथूनच येतोय.

ट्रस रॉड फिरवला तर नेक तुटेल का?

ऐकून ऐकून लोकांनी याचा बाऊ केलाय. रॉड फिरवण्यासाठीच दिलेला असतो. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यूला त्याचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं, म्हणजे शंभर वर्षं लोक तो फिरवतायत. तुटतो तो घाईने, चुकीच्या मापाच्या किल्लीने, आणि अडतोय तरी जोर लावल्याने.

दिशा लक्षात ठेवा. रॉडच्या नटाकडे तोंड करून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवला की रॉड आवळतो, नेक सरळ होते, रिलीफ कमी होतो. उलट दिशेने सैल होतो, तारा नेकला पुढे ओढतात, रिलीफ वाढतो. खालच्या फ्रेट्सवर बझ असेल तर तुम्हाला सहसा सैल करायचंय, आवळायचं नाही. इथे बरेच जण उलटं करतात, कारण काहीतरी वाजतंय म्हटलं की हात आपोआप आवळायलाच जातो.

एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. अष्टमांश फेऱ्याने सुरुवात केलीत तर अजून चांगलं. फिरवा, परत ट्यून करा, परत मोजा. काही नेक लगेच हलतात, काही आळशी असतात, रात्रभर घेतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी परत एकदा मोजा. आवळायचा असेल तर आधी तारा थोड्या सैल करून घ्या, रॉडवर ताण कमी येतो.

किल्लीचं माप हा वेगळाच वैताग आहे. काही गिटारना इंचातली ॲलन की लागते, काहींना मिलिमीटरमधली, गिब्सनला ५/१६ इंचाचा बॉक्स पाना, काहींना बॉडीच्या टोकाला एक चाक असतं ज्यात नुसती सळई घालून फिरवायचं, आणि जुन्या फेंडर पद्धतीच्या नेकना नट बुडाच्या टोकाला असतो, तिथे नेक सैल करून किंवा काढूनच पोचता येतं. किल्ली आत टाकल्यावर जराही घसरत असेल तर ते माप नाही. आतले कोपरे एकदा गोल झाले की दुरुस्ती महाग आणि किचकट.

रॉड पूर्ण सैल करूनही नेक मागेच वाकलेली असेल, किंवा आवळताना अडला असेल, तर थांबा. हे वॉरंटीचं काम आहे, तुमचं नाही.

ॲक्शन किती ठेवू?

बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत मोजायचं. इलेक्ट्रिकला लो ईवर १.८ ते २ मिलिमीटर आणि बारीक ईवर १.५ मिलिमीटरच्या आसपास ही चांगली सुरुवात आहे. जोरात वाजवत असाल तर थोडं वर, हलका हात असेल तर थोडं खाली. कंपन्यांचे आकडे बघताना कुठल्या फ्रेटवर मोजलंय ते आधी वाचा, फेंडर सतराव्या फ्रेटवर मोजायला सांगतं, बाकी बरेच जण बाराव्यावर, आणि हे दोन आकडे एकमेकांत मिसळून लोक तासनतास वाद घालतात.

सॅडल किती उचलायचं याचा हिशोब सोपा आहे. बारावा फ्रेट तारेच्या मधोमध येतो, त्यामुळे सॅडल जितकं उचलाल त्याच्या निम्मा फरक बाराव्यावर दिसतो. तिथे पाव मिलिमीटर वाढवायचं असेल तर सॅडल अर्धा मिलिमीटर वर. स्ट्रॅट, टेली टाईपच्या ब्रिजवर प्रत्येक तारेला वेगळं सॅडल असतं, दोन्ही बारीक स्क्रू सारखे फिरवा नाहीतर सॅडल तिरकं होतं. लेस पॉलसारख्या ब्रिजवर दोन चाकं असतात, एक जाड तारांच्या बाजूला, एक बारीक तारांच्या बाजूला, एकेक तार वेगळी उचलता येत नाही.

एक महत्त्वाचं: एकेक तार मनाला येईल तशी वर-खाली केली की सॅडलची ओळ फ्रेटबोर्डच्या गोलाईशी जुळत नाही, मग मधल्या तारा फार उंच आणि कडेच्या फार खाली असला प्रकार होतो. कडेच्या दोन तारा आधी ठरवा, मग मधल्या गोलाईत बसवा.

ॲक्शन बदलली की इंटोनेशन थोडं सरकतं, तेवढं शेवटी बघून घ्या.

एकाच फ्रेटवर बझ येतोय, बाकी गिटार मस्त आहे.

मग पुढचा फ्रेट बघा. समजा जी तार सातव्यावर झर्र करते, सहाव्यावरही करते, आणि आठव्यावर स्वच्छ वाजते. आठव्यावर स्वच्छ म्हणजे नवव्यापासून पुढे अडथळा नाही. म्हणजे संशयित आठवा फ्रेट, त्या तारेच्या खालचा भाग. याला फ्रेट रॉकर नावाची वेगवेगळ्या लांबीच्या कडांची छोटी सपाट पट्टी मिळते. सरळ कडेची कुठलीही पट्टी चालते, अट एकच, ती बरोबर तीन फ्रेट्सवर टेकली पाहिजे, चारवर नाही. तात्पुरतं बघायचं तर एटीएम कार्डाची कडसुद्धा चालते, लांब कड पहिल्या दोन-तीन फ्रेट्सपाशी आणि छोटी कड सहाव्या-सातव्यानंतर. बाराव्याच्या पुढे कार्ड मोठं पडतं. सात-आठ-नऊवर ठेवून दोन्ही टोकांवर आळीपाळीने दाबा. टिक टिक करत झोका घेतला तर मधला, म्हणजे आठवा, उंच आहे. हे प्रत्येक तारेच्या खाली वेगवेगळं करा, फ्रेट पूर्ण लांबीत उंच असेलच असं नाही.

उंच सापडला की त्याला लगेच कानस लावायची नाही. आधी लाकडी किंवा प्लास्टिकच्या तुकड्याने वरून घट्ट दाबून बघा. दाबलेला असताना रॉकर डुलायचा थांबला तर फ्रेट खाचेतून नुसता वर आलाय. तो परत बसवता येतो, गिटारचं काम करणारे लोक तो ठोकून बसवतात आणि खाली पातळ सुपरग्लू सोडतात. दाबूनही उंचच राहिला तर लेव्हलिंग करावं लागेल.

लेव्हलिंग मी स्वतः करू का?

नव्या गिटारवर नको. एक तर वॉरंटी जाते. दुसरं म्हणजे एक फ्रेट घासला की त्याचा माथा सपाट होतो, तो परत गोल करावा लागतो, मग पॉलिश, आणि जास्त घासला तर आजूबाजूचे सगळे त्याच्या उंचीला आणावे लागतात. फ्रेटची सगळी उंचीच मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर असते, चुकायला जागा नाही. हात साफ करायचा असेल तर जुनी, स्वस्त, कुणी विचारत नाही अशी गिटार घ्या.

मोकळी तार बझ करते, दाबली की नाही. नटचं काय करू?

खात्री अशी करा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पहिल्या फ्रेटच्या वर तारेवर हलकं टिचकावा. बारीकसा टिक ऐकू आला, तार किंचित खाली गेली, तर खाच ठीक आहे, फट कागदाच्या जाडीइतकी असते, डोळ्यापेक्षा कानाला लवकर कळते. टिक नाहीच, तार आधीपासून टेकलेली, तर खाच खोल गेलीये.

उपाय तीन. नट काढून त्याच्या खाली पातळ पट्टी घालणं, पण त्याने सगळ्याच तारा उचलल्या जातात. खाचेत खायचा सोडा भरून त्यावर सुपरग्लूचा थेंब टाकणं, दगडासारखं घट्ट होतं आणि मग नव्याने खाच कापायची. चालतं बरंच, पण कायमचं म्हणवत नाही. आणि तिसरा, सरळ नवीन नट. गिटार वॉरंटीत असेल तर तिसराच मागा.

नट बघायच्या आधी एवढं मात्र तपासा की तार पेगवर खालच्या बाजूला गुंडाळली गेलीये ना. वेढा वर राहिला तर नटवर तार नीट दबत नाही आणि तिथेच खरखरते. काही हेडस्टॉकवर बारीक तारांसाठी छोटी पकड असते, तिच्या खालून तार घालायला लोक विसरतात.

बझ नाही, पण सतारीसारखा आवाज येतो. हे काय?

अगदी बरोबर ओळखलंत, कारण घडतंही तेच. सतारीच्या घोडीवर तार सपाट पृष्ठभागाला चाटत जाते, त्यातूनच जवारी निघते. गिटारच्या नटची खाच किंवा सॅडलची खाच पुढच्या कडेला धारदार न राहता सपाट किंवा पुढे, फ्रेट्सच्या बाजूला, उतरती झाली की तार तिथे तशीच चाटते. मोकळ्या तारेवर आला तर नट, सगळ्या फ्रेटवर सारखाच आला तर सॅडल. सॅडलच्या खाचेत कधी कधी धातूचा कंगोरा राहिलेला असतो, नव्या गिटारमध्ये तर हमखास. जुन्या वाउंड (वरून बारीक तार गुंडाळलेल्या जाड) तारेचा तुकडा खाचेतून चार-सहा वेळा ओढला तरी बऱ्याचदा जातो.

बेंड केलं की वरच्या फ्रेट्सवर नोट मरते.

फ्रेटबोर्डची गोलाई. जुन्या पद्धतीच्या ७.२५ इंच रेडियसच्या नेकवर बारीक तार बेंड करताना ती गोलाईच्या चढावर जाते आणि पुढच्या फ्रेट्सना टेकते. ॲक्शन थोडी वाढवा, दुसरा सोपा मार्ग नाही. १२ इंच किंवा त्याहून सपाट बोर्डवरही असं होत असेल तर वरचे फ्रेट उंच आहेत, रॉकर काढा.

सॅडल पूर्ण वर उचललं तरी बाराव्याच्या पुढे बझ जात नाही.

बोल्ट-ऑन नेक असेल तर नेकचा कोन चुकलेला असू शकतो. नेक आणि बॉडीच्या खाचेत शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालून तो बदलतात, काही फेंडरना त्यासाठी मागे स्क्रूच दिलेला असतो. उलट, नेक बॉडीला मिळते तिथे लाकूडच वर आलेलं असेल तर शिमने काही होणार नाही, तिथले फ्रेट कमी करावे लागतात. हा फरक घरी सरळ पट्टी ठेवून कळतो पण दुरुस्ती जाणकाराकडूनच करा. आणि नवी गिटार असेल तर मी तर म्हणेन परतच करा.

दहाच्या तारा काढून नवाच्या लावल्या आणि बझ सुरू झाला. तारा खराब?

तारा ठीक आहेत, ताण बदलला. साडेपंचवीस इंच स्केलवर स्टँडर्ड ट्युनिंगमध्ये १०-४६ चा सेट नेकला मिळून साधारण ४७ किलोने ओढतो, ९-४२ चा ३८ किलोच्या आसपास. नऊ किलो ओढ कमी झाली की रॉड जिंकतो, नेक मागे जाते, रिलीफ कमी. शिवाय सैल तार जास्त पसरून हलते. रॉड किंचित सैल करा. अर्धा सूर किंवा एक सूर खाली ट्यून करणाऱ्यांचीही हीच गोष्ट. ड्रॉप डीमध्ये एकच तार उतरते म्हणून तिथे बहुतेकदा फक्त लो ईचं सॅडल जरा वर केलं की भागतं.

माझ्या गिटारला फ्लोटिंग ब्रिज आहे, वेगळं काही?

हो, आणि यात लोक फार भटकतात. तारांची ओढ आणि मागच्या स्प्रिंगांची ओढ यांच्या तोलावर हा ब्रिज उभा असतो. हलक्या तारा लावल्या की स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे बसतो, सॅडल खाली जातात, आणि सगळीकडे बझ. तिथे ॲक्शनच्या स्क्रूला हात लावायच्या आधी मागचं झाकण उघडून स्प्रिंगांचे स्क्रू सैल करा आणि ब्रिज परत बॉडीला समांतर आणा. फ्लॉइड रोझवर उंची दोन खांबांनी बदलते, ते फिरवताना आधी तारा सैल करा, ताणात फिरवलं तर ब्रिजची धार खराब होते आणि मग ट्युनिंग कधीच टिकत नाही.

वरच्या फ्रेट्सवर जाड तारा विचित्र डगमगल्यासारख्या वाजतात, बझही वाटतो.

पिकअप फार वर आहेत. सिंगल कॉइलचे चुंबक तारेला खेचतात, नोट सुरात राहत नाही, दोन सूर एकदम वाजतायत असं वाटतं. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपच्या खांबापासून तारेपर्यंत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा, जाड तारांच्या बाजूला जरा जास्तच.

माझ्या वाजवण्यामुळे बझ येतोय का?

येऊ शकतो. बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकायला हवं, दोन फ्रेट्सच्या मधोमध नाही. मधोमध दाबलं की तार फ्रेटवर घट्ट बसत नाही आणि जोर लावूनही खरखरते. पिकनेही फरक पडतो, तार बॉडीच्या दिशेने आत ढकलून सोडली की ती फ्रेट्सच्या दिशेने वर-खाली हलते, आडवी छेडली तर आडवी. त्यामुळे गिटार दुसऱ्या एखाद्या बऱ्या वाजवणाऱ्याच्या हातात द्या. त्याच्याकडून बझ आला नाही तर पाना ठेवून द्या.

सगळं नीट केलं होतं, दोन महिन्यांनी परत बझ. का?

हवा. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, दमट हवेत फुगतं, नेक त्याप्रमाणे हलते. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता गिटारला मानवते, एक छोटा आर्द्रतामापक खोलीत ठेवा. ऋतू बदलला की रॉडला पाव फेरा द्यावा लागणं यात काही बिघाड नाही. फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोटाला टोचायला लागली तर हवा कोरडी झाल्याची ती पक्की खूण आहे.

दुकानदाराला परत कधी करायची?

रॉड फिरत नाही किंवा त्याच्या हद्दीपर्यंत जाऊनही काही उपयोग नाही, नेक पिळवटलीये म्हणजे जाड तारांच्या बाजूचा रिलीफ आणि बारीक तारांच्या बाजूचा रिलीफ एकदम वेगळा येतोय, तीन-चार फ्रेट उखडलेत, किंवा ॲक्शन अडीच मिलिमीटर केल्यावरही बझ आहे. यातलं काहीही असेल तर कागदावरच्या त्या फुल्या आणि मापं फोटो काढून पाठवा. "बझ येतोय" म्हटलं की समोरून "सेटअप करून घ्या" एवढंच उत्तर येतं, "रिलीफ ०.२५, ॲक्शन २.५, आठवा फ्रेट जी तारेखाली उंच" असं लिहिलं की सहसा बोलणं मुद्द्यावर येतं. परतीची मुदत संपायच्या आत करा, आणि तोपर्यंत काहीही घासू, चिकटवू नका.

सगळं करून झालं, लो ईवर जोरात वाजवलं की अजूनही थोडं खरखरतं.

ॲम्पमध्ये ऐकू येतं? नाही? मग वाजवा.